बावाजींची पिकअप आणि माझं तेलुगू

आमच्या घरात तेलुगू फक्त मला येतं, असा सगळ्यांचा समज होता. सर्वांत जास्त माझा.

आमचा आदिलाबाद जिल्हा तेव्हा आंध्र प्रदेशात होता आणि मी उटनूरला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. शिकलो मराठी शाळेत, पण समोर येणारी फाईल तेलुगूत. मग मी तेलुगू अक्षरं वाचायला शिकलो, सही करायला शिकलो आणि ‘अवुनु’ हा शब्द शिकलो. अवुनु म्हणजे हो. साहेब काहीही बोलले की मी गंभीर चेहऱ्याने अवुनु म्हणायचो, आणि एवढ्या भांडवलावर माझी नोकरी बारा वर्षं बिनबोभाट चालली. (एकदा साहेबांनी ‘ही फाईल तूच हरवलीस काय’ असं विचारलं होतं, हे मला फार मागाहून कळलं.) घरी तर माझा दबदबाच होता. बायको सुमन महाराष्ट्रातल्या किनवटकडची. तिला तेलुगू अक्षरं म्हणजे बाजेवर वाळत घातलेल्या कुरडया. बसवरची पाटी मी मोठ्याने वाचली की ती शेजारच्या बाईकडे अभिमानाने बघायची. अर्थ तिने कधी विचारला नाही. हा तिचा मोठेपणा.

आमच्या वडिलांना आम्ही बावाजी म्हणायचो. आमच्याकडच्या मराठीत बापाला बावाजीच म्हणतात. बावाजींकडे एक जुनी पिकअप होती. नेरडीगोंड्याच्या आसपासच्या गावांतला कापूस त्यांनी तिच्यातून वाहिला. तसंच लग्नाचं वऱ्हाड, दवाखान्यात निघालेल्या बाळंतिणी, आणि एकदा तर दवाखान्यातच निघालेला बैल. ते स्वतः चालवायचे आणि बाजारला जाताना माय पुढे शेजारी बसायची. बावाजी गेल्यावर गाडी गावातल्या वावरात चिंचेखाली उभी राहिली, ती पाच वर्षं. टायर गेले, टपावर शेंगा पडल्या, बॉनेटमध्ये कोणाच्या तरी कोंबडीने संसार थाटला. माय वावरात गेली की पदराने पुढची काच पुसायची आणि काही न बोलता निंदायला लागायची. एका उन्हाळ्यात मात्र ती बोलली. म्हणाली, “मले एक डाव तिच्यात पुढं बसू दे. मंग काय करायचं ते करा.”

झालं! मी तिथल्या तिथे जाहीर केलं की बावाजींच्या पुढच्या स्मृतिदिनाला गाडी चालू होईल, माय पुढे बसेल, आणि ती गाडी बावाजींची आठवण म्हणून आमच्या उटनूरच्या अंगणात कायमची राहील. माझ्या नातवांनीसुद्धा ती पुसायची. (तेव्हा माझा मोठा मुलगा चौथीत होता.)

हायवेवरच्या मेकॅनिककडे गाडी बैलांनी ओढत नेली. त्याने बॉनेट उघडलं, आत बघितलं, खाली वाकून बघितलं आणि मला विचारलं, “भाईसाब, इस में गाडी किधर है?” तरी भला माणूस होता. आठ महिने लागले. इंजिन खोललं, दारं खोलली, सीट उपसली. सीटखाली बावाजींचा कंगवा निघाला, तंबाखूची चंची निघाली आणि मायची एक चप्पल निघाली. त्या चपलेपायी नवराबायकोचं एक अख्खं साल भांडण चाललं होतं. बावाजी म्हणायचे बाजारात हरवली, माय म्हणायची गाडीत आहे. मायने मेकॅनिकच्या दुकानात ती चप्पल पदराने पुसली. मग म्हणाली, “पाह्य, मी म्हनत नव्हती?” आणि वर आभाळाकडे बघून पुन्हा एकदा तेच म्हणाली.

गाडीला निळा रंग दिला. आता फक्त नाव घालायचं राहिलं. दारांवर मराठीत ‘बावाजीची आठवण’ लिहून झालं होतं, पण मागचा फाळका, म्हणजे माल चढवताना खाली पाडतात तो पत्रा, कोरा होता, आणि मला कोरी जागा बघवत नाही. मला आमच्या फळीवरच्या भांड्यांवर कोरलेलं असतं तसं काहीतरी भारदस्त हवं होतं. ‘बावाजीस सप्रेम भेट.’ सुमन म्हणाली, “आवं, सप्रेम भेट लग्नात ताटवाटीवर घालतेत. गेलेल्या मानसाले काऊन?” मी तिला समजावलं की भावना महत्त्वाची. शिवाय हे मागच्या बाजूला तेलुगूत राहील, कारण मागून येणारी अर्धी दुनिया तेलुगू आहे. तेलुगू म्हटल्यावर ती गप्प बसली.

पेंटर मल्लेश तेलुगू माणूस, हात सुरेख. मी त्याला मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं की बावाजीला प्रेमाने भेट, असं लिही. त्याने ब्रश खाली ठेवला आणि अदबीने म्हणाला, “बावाजी कादु सार. बावगारु अनालि.” म्हणजे बावाजी नव्हे, बावगारु म्हणायला हवं. मी मनात झटकन ताळा केला. तेलुगूत ‘गारु’ म्हणजे आपलं ‘जी’. साहेबांना सगळे गारु म्हणतात, तेवढं मला ठाऊक होतं. बावा-जी, बाव-गारु. अगदी चोख. उलट एका पेंटरने माझ्या वडिलांचा मान राखला म्हणून मला भरून आलं. त्याने खात्रीसाठी आणखी एक लांबलचक प्रश्न विचारला. त्यातला एकही शब्द मला कळला नाही.

“अवुनु,” मी म्हणालो.

मल्लेशने पिवळ्या रंगात, भोवती दोन कमळं काढून, फाळकाभर तेलुगूत लिहिलं: ‘बावगारिकि प्रेमतो कानुक.’ मी ते अंगणात उभं राहून तीन वेळा मोठ्याने वाचलं. सुमन शेजारच्या बाईकडे बघत होती.

स्मृतिदिनाला अंगणात पन्नासेक माणसं जमली. गाडी मधोमध उभी होती, तिला झेंडूची माळ. वंदना झाली, खीर झाली. जेवणं उरकली की मायला पुढे बसवून गावाला एक फेरी मारायची, असं ठरलं होतं. मायने त्यासाठी नवं लुगडं नेसलं होतं आणि सकाळपासून ती दाराच्या कडीला हात लावून जात होती. तेवढ्यात मोटारसायकलवरून ताई आणि भाऊजी आले.

आमच्या भाऊजींचं इच्चोड्याला खताचं दुकान आहे. दिवसभर तेलुगू शेतकऱ्यांशी बोलणं, त्यामुळे ते तेलुगू असं वाचतात जसं आपण पाणी पितो. पण आमच्याकडे ते यायचे ते पाहुण्यासारखे. एक जेवण, एक पान, की निघाले. वीस वर्षांत मुक्काम नाही. याचं कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी काढत नसे. त्यांच्या लग्नात नवरदेवाला बावाजींच्या पिकअपमधून मांडवापर्यंत आणलं होतं. तिथे भाऊजी रीतीप्रमाणे रुसले आणि गाडीतून उतरेनात. घड्याळ देतो म्हटलं, नाही. अंगठी म्हटलं, नाही. मुहूर्त टळायला लागला तेव्हा बावाजी वैतागून सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाले, “उतरा जवाईबापू, ही गाडीच तुमाले देली.” भाऊजी उतरले. लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी बावाजी त्याच गाडीत कापूस भरून निघून गेले आणि तो विषय तिथेच संपला. निदान आमच्यासाठी.

भाऊजी मोटारसायकल लावून गाडीच्या मागून आले आणि फाळक्यापाशी थांबले. त्यांनी ते मोठ्याने वाचलं. मग ते खिशात रुमाल शोधू लागले. मला वाटलं, सासऱ्याच्या आठवणीने माणूस कासावीस झाला. मी जवळ गेलो तर त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

“दिलीप,” ते म्हणाले, “सासऱ्यानं देलेला सबद तू पाळला. इच्चोड्यात पोरं मले अजून पिकअपवाले जवाई म्हनतेत. वीस वर्सं झाले. म्या कोनाले बोललो नाही.”

कोणता शब्द ते मला कळलं, पण तो मी केव्हा पाळला ते कळेना. मी विषय समजून घेण्यासाठी गाडीच्या पलीकडे गेलो. तिथे माय उभी होती, आणि तिचा चेहरा मी चौथी नापास झालो तेव्हा होता तसा होता.

“तेलुगूत बावा म्हंजे कोन?” तिने हळूच विचारलं.

“बावाजी. बाप.”

“बापाले नान्ना म्हनतेत. बावा म्हंजे बहिनीचा नवरा.”

मी फाळक्याकडे बघितलं. ‘भाऊजींना प्रेमाने भेट.’ पिवळ्या रंगात, दोन कमळांच्या मध्ये, पन्नास माणसांसमोर.

“तुले कसं ठाऊक?” मी विचारलं.

“तीस वर्सं तेलुगू बायाइसंग कापूस येचला म्या. का मुक्यानं येचला?”

तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. ‘क’ सुद्धा नाही. माझ्या डोळ्यांसमोर बारा वर्षांचे सगळे अवुनु एका रांगेत येऊन उभे राहिले.

मायने दाराच्या कडीवर हात ठेवला होता. तिची एक फेरीसुद्धा झाली नव्हती आणि गाडी हातची चालली होती. मी छाती भरून श्वास घेतला आणि खरं सांगायला निघालो. खरं सांगणं फार सोपं होतं. चूक झाली भाऊजी, मला येत नाही. एवढे सहा शब्द.

पण भाऊजी हुशार माणूस. खताच्या पोत्यावरचं बारीक अक्षर वाचून वाचून त्यांना संशयाची सवय. मी समोर जाताच त्यांनी रुमाल खिशात घातला आणि सगळ्यांसमोर विचारलं, “याचा अर्थ तुले ठाऊक हाय न? का पेंटरनं आपल्या मनानं लिवून टाकलं?”

सुटायचं दार उघडं होतं. बाहेर पाय टाकायचा, बस्स. पेंटरवर ढकललं असतं तरी चाललं असतं. ताई माझ्याकडे बघत होती. शेजारची बाई बघत होती. आणि सुमन बघत होती, त्याच अभिमानाने, बसची पाटी वाचताना बघायची तशी.

“ठाऊक हाय म्हंजे?” मी म्हणालो. “तेलुगू मले शिकवता काय भाऊजी? मुद्दामच लिवलं.”

आणि किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई रडली. एक म्हातारे गुरुजी म्हणाले, असा साळा मिळायला पुण्य लागतं. आठ महिन्यांची मेहनत, नातवांनी पुसायची गाडी, सगळं मी एका वाक्यात देऊन टाकलं होतं, आणि तेही हसऱ्या तोंडाने.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. माय आत चढून बसली होती. तिने लुगडं गुडघ्याखाली नीट सारखं केलं आणि सांगितलं, “चाला जवाईबापू, इच्चोड्याले. चार दिवस राह्यते मी लेकीकडं.” भाऊजींनी गाडी चालू केली. माय काचेतून डोकं बाहेर काढून मला तेलुगूत म्हणाली, “नीकु पिच्चि पट्टिंदा?”

पन्नास माणसं ऐकत होती. “अवुनु,” मी म्हणालो.

भाऊजींना हसू एवढं अनावर झालं की गिअर पडेना. तिने ‘तुला वेड लागलंय का’ असं विचारलं होतं, हे मला शेजारच्या बाईने सांगितलं.

तेव्हापासून भाऊजी आमच्याकडे मुक्कामाला येतात. दर स्मृतिदिनाला गाडी घेऊन येतात आणि मायला गावाला वावरापर्यंत फेरी मारून आणतात. पुढे दोघांचीच जागा, म्हणून मी मागे फाळक्यावर हात टेकून, मागच्या रस्त्याकडे तोंड करून बसतो. मागून येणारा मोटारसायकलवाला आधी खाली ‘भाऊजींना प्रेमाने भेट’ वाचतो, मग मान वर करून माझ्याकडे बघतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर भाऊजींबद्दल फार सहानुभूती दिसते.