क्वार्टरची कडी

परिचारिकांच्या इतिहासावर पीएच.डी. करायला निघाले, तेव्हा पहिली मुलाखत आईचीच घ्यायची ठरवलं. खरं कारण आळस. स्वतःची ड्यूटी सांभाळून गावोगाव कोण फिरणार? आई गोंदियात, घरातच. शिवाय मुलाखतीनंतर जेवण.

आई दरेकशाकडच्या जंगलपट्टीत उपकेंद्रावर नर्स होती. अर्धी नोकरी तिथेच गेली. एरवी तिच्या जिभेला हाड नाही. पण मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं की पदर सावरून बसायची आणि मोठे साहेब तपासणीला आल्यासारखं बोलायची: "सर्व सेवा सुरळीत देण्यात आल्या." मला हसू यायचं आणि रडूही. कारण नर्सेसच्या संघटनेवरचं माझं प्रकरण धोक्यात होतं. मार्गदर्शक मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, "संघटनेनं पगार वाढवून घेतले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापलीकडे काही मिळालं असेल तर दाखवा, नाहीतर प्रकरण गाळा."

एकदा लाखोरीची भाजी निवडता निवडता आईला हे सांगितलं. फोन सुरूच होता. ती अशी भडकली, की फोनबिन सगळं विसरली.

"कोन म्हन्ते वं असं? सांग तिले, माह्या क्वार्टरच्या दाराले आतून कडी नोती!"

बाबा मास्तर, दूरच्या गावी. क्वार्टरमध्ये आम्ही दोघीच. आईनं वर अर्जावर अर्ज केले. उत्तर एकच, प्रस्ताव पाठवला आहे. मग ती रात्री दाराला खाट लावायची आणि आम्ही त्या खाटेवरच झोपायचो. बाळंतपणासाठी कुणी हाक मारली की माझ्यासकट खाट सरकवायची. मला तो खेळ वाटायचा. उजाडताना डोळे उघडले की आई रोज उठून बसलेलीच दिसे. नर्सबाया झोपतच नसतील, अशी माझी समजूत होती.

संघटनेच्या गोंदियाच्या बैठकीत तिनं हे सहज बोलून दाखवलं. पुढच्या रविवारी तिथल्या चौघीजणी रेल्वेनं आल्या. सोबत सुतार, लोखंडी कडी आणि डबाभर बुंदीचे लाडू. लाडू मला चांगले आठवतात. कडी बसल्यावर एक धिप्पाड सिस्टर आत गेली, कडी लावली आणि ओरडली, "अब धक्का मारो!" बाकीच्यांनी सुतारासकट दाराला खांदे लावले. दार हललं नाही. बाहेर सगळ्या पोट धरून हसत होत्या, आणि आई रडत होती. त्या बायांवर माझा तेव्हापासून फार जीव आहे.

"सरकारची कडी अजून येऊनच राहिली," आई म्हणाली.

मॅडमनी सगळं रेकॉर्डिंग ऐकलं. प्रकरण राहिलं. एका जागी त्यांनी ते थांबवून मागे नेलं आणि पुन्हा ऐकलं. तिथे मी विचारतेय, "मग कडी बसली त्या रात्री तू काय केलंस?"

"काय करीन? झोपली ना बाप्पा. सकाळी तूच उठवलं मले."