बारला न लागलेलं बोट

आमच्या घरात एक गोष्ट आवडीने सांगितली जायची. गणपतीला किंवा कोजागरीला कोणाच्या तरी फ्लॅटमध्ये मराठी मंडळी जमली की माझा मुलगा ती सांगायचा. गोष्ट माझ्या सुनेची, तिच्या बेंच प्रेसची आणि सायकलची आहे, पण सांगता सांगता ती माझ्या सचोटीची व्हायची. लोक माझ्याकडे आदराने बघायचे आणि मी ताटाकडे बघायचो. त्या गोष्टीत माझ्याबद्दल जे आहे ते खोटं आहे. सुनेबद्दल जे आहे ते खरं आहे, पण कमी आहे.

निवृत्तीनंतर मी आणि बायको वर्षातले बरेच महिने सिंगापूरला मुलाकडे असतो. सेरंगूनला त्यांचा कॉन्डो आहे, म्हणजे खाली जिम वगैरे असलेल्या संकुलातला फ्लॅट. मुलगा चांगी बिझनेस पार्कला कामाला जातो, सून विद्यापीठात संशोधन करते. सायकलचं वेड तिला इथेच लागलं. आधी ईस्ट कोस्टच्या कडेने तासभर, मग पहाटे निघून बेटाला पुरता वळसा. चार-पाच तास झाले की पायांआधी तिचे हात, मान आणि खांदे बोलायला लागत. हँडलवर भार झेलायला वरचं अंगही तयार हवं, म्हणून ती खाली जिममध्ये जायला लागली. बाकावर उताणं पडायचं, वजनाचा बार छातीपर्यंत खाली आणायचा आणि पुन्हा वर ढकलायचा, हा बेंच प्रेस. सायकलपायी धरलेली ही गोष्ट तिने सायकलइतकीच मनावर घेतली.

मला तिने स्पॉटर केलं. म्हणजे तिच्या डोक्यामागे उभं राहायचं, हात बारच्या खाली पण न लावता धरायचे, आणि वजन अंगावर यायला लागलं तरच पकडायचं. स्पॉटरचा हात लागला तर तो प्रयत्न धरायचा नाही. मी चिंचवडच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो, हे तिला पुरेसं होतं.

"बाबांच्या हातून खोटा माल पास होत नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "तुझ्यासारखं नाही. तू दोन बोटं लावून बार उचलतोस आणि वर 'सगळं तूच, सगळं तूच' ओरडतोस."

"प्रोत्साहन म्हणतात त्याला."

"फसवणूक म्हणतात."

सुरुवातीला तिचं तंत्र वाईट होतं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती मोबाइल बाजूला टेकवून प्रत्येक प्रयत्न चित्रित करायची आणि मग बाकावरच बसून स्वतःच्या चुका मला दाखवायची. कोपरं बाजूला फाकतात. बार छातीवर आपटून उसळी घेतो, म्हणजे वर जातो तो तिच्या जोरावर नाही. कंबर बाकावरून सुटते. एवढं सगळं दिसल्यावर तिने जे केलं ते मी त्या जिममध्ये दुसऱ्या कोणाला करताना पाहिलेलं नाही. तिने वजन उतरवलं. पाच-सहा महिन्यांत कमावलेल्या प्लेटा काढून ठेवल्या आणि नुसत्या बारवर आली. शेजारच्या बाकावर कॉलेजातली पोरं प्लेटांवर प्लेटा चढवत होती आणि ही बाई रिकामा बार सावकाश खाली आणत होती. खांद्याची पाती मागे ओढून बाकाला चिकटवायची, पाय जमिनीत रोवायचे, कोपरं अंगाकडे घ्यायची, बार छातीच्या खालच्या भागावर टेकवायचा आणि पूर्ण थांबवायचा. या थांबण्याला ती पॉज म्हणायची. बार मेल्यासारखा स्थिर झाला की मगच वर.

सायकल याच्या नेमकी उलट ओढायची. हँडलवर तासन्‌तास वाकून खांदे पुढे येतात, छाती आखडते, आणि बेंचला ते खांदे मागे हवे असतात. म्हणून लांबच्या राइडनंतर ती बेडरूमच्या दारात उभी राहायची, दोन्ही हात चौकटीला लावून छाती ताणत. देव्हारा त्याच खोलीत.

"बाजूला हो गं, निरांजन घेऊन उभी आहे मी," बायको म्हणायची. "आमच्या सासूबाई पाट्यावर वाटण घालायला लावायच्या. तेव्हा खांदे असेच व्हायचे. तेही फुकटात."

"आई, पाटा मिळाला तर आणा. पण पॉज घेऊन वाटायचं."

त्या वर्षी सायकलवाल्यांचा एक गट एका दिवसात मलाकाला जाणार होता. पुलावरून मलेशियात शिरायचं आणि दिवसभर चालवत राहायचं. मुलगाही एव्हाना सायकल चालवायला लागला होता, तो जाणार होता. तिलाही जायचं होतं, किंबहुना त्याच्यापेक्षा जास्त. पण तिने स्वतःला एक अट घातली होती. बेंच प्रेस आणि लांबचं अंतर, दोन्ही एकाच वेळी वाढत नाहीत. शनिवारी बेंचवर जोर लावला की रविवारी चढावर खांदे भरून येतात, आणि रविवारची राइड मोठी झाली की पुढच्या बेंचला पायांत रोवायची ताकद राहत नाही. म्हणून आधी पन्नास किलो पॉजसह, कोणाचाही हात न लागता. मग बेंच आठवड्यातून एकदाच, जे आहे ते टिकवण्यापुरता, आणि बाकी सगळा वेळ सायकलला. अर्धवट तयारीने ती गटात जाणार नव्हती. तिच्यामुळे दुसरे खोळंबलेले तिला चालले नसते.

तो शनिवार आला. नेमका त्या दिवशी तिचा मोबाइल वर घरीच राहिला होता. मुलगाही खाली आला होता. तो अधूनमधूनच जिमला यायचा. गंमत म्हणून त्याने आधी पन्नास लावले. बार छातीवर आला आणि तिथेच राहिला. मी धरला, दोघांनी मिळून वर ठेवला.

"नाश्ता कमी पडला," तो हसत म्हणाला आणि टॉवेल घेऊन बाजूला झाला.

मग ती झोपली. पाती मागे घेतली, पाय रोवले, एकदा श्वास भरला. बार खाली आला, टेकला, थांबला. मग वर निघाला आणि अर्ध्यात अडला. तिची मनगटं थरथरत होती. माझे पंजे बारच्या खाली होते. मी बार धरणार, एवढ्यात तो पुन्हा हलला, अगदी हळू, आणि तिने तो स्टँडवर नेऊन ठेवला. उठून बसली, माझ्याकडे वळली. चेहरा लालबुंद.

"बाबा, हात लागला?"

लागला नव्हता. पण मुलगा समोर टॉवेल घेऊन उभा होता, नुकताच त्याच वजनाखाली अडकलेला, आणि माझ्या तोंडून निघालं, "किंचित. एक बोट लागलं."

ती माझ्याकडे क्षणभर बघत राहिली. "मग नाही धरायचा," म्हणाली आणि प्लेटा काढायला लागली. तिने वाद घातला नाही. माझा शब्द तिने कारखान्यातल्या शिक्क्यासारखा घेतला.

आयुष्यात मी कितीतरी चांगले वाटणारे भाग नापास केले, पण त्यांच्यात खोट होती म्हणून. खोट नसलेला भाग नापास केला तो हा एकच.

तिने अट मोडली नाही. बेंच चालू ठेवला, सायकल मागे पडली, आणि गट निघाला तेव्हा ती त्यात नव्हती. पहाटे तिने मुलाची चाकं तपासून दिली, खिशात खजूर भरले. रात्री मलाकाहून त्याचा फोन आला तेव्हा तिने वारा कुठून होता, शेवटच्या टप्प्यात मनगटं दुखली का, एवढंच विचारलं. नंतरच्या गणपतीत त्याचं कौतुक झालं. कोणीतरी तिला म्हणालं, "तू नाही गेलीस?" ती म्हणाली, "तयारी नव्हती." मी तिच्या शेजारीच मोदक खात होतो.

पुढचं सगळं तिचं कर्तृत्व आहे. बार अर्ध्यात का अडला याचा तिने छडा लावला. वर ढकलताना बार किंचित डोक्याच्या दिशेने न्यायला हवा, ती सरळ वर ढकलत होती. ते सुधारायला तिने आठवडेच्या आठवडे हलक्या वजनावर घालवले. मग एका शनिवारी पन्नास इतक्या सहज गेले की तिने लगेच पुन्हा एकदा करून दाखवले. त्या वेळी तिने स्टँडच्या बाजूचे आडवे दांडे लावून घेतले होते, वजन सुटलंच तर त्यांच्यावर पडावं म्हणून. "तुम्हाला उगाच ताण नको, बाबा," ती म्हणाली. मी बाजूला उभा राहून बघितलं. पुढच्या वर्षी ती मलाकाला जाऊन आली. गटाच्या पुढे राहून नाही, पण शेवटपर्यंत एकाच लयीत, मागे पडलेल्या दोघांना सोबत घेऊन.

आणि मुलाने गोष्ट तयार केली. "त्या दिवशी बाबांनी खरं सांगितलं नसतं तर ही सुधारलीच नसती. दुसऱ्या कोणी सुनेला खूश करायला 'झालं' म्हटलं असतं." दर वर्षी ही गोष्ट ऐकत मी मान खाली घालायचो आणि लोकांना तो विनय वाटायचा.

गेल्या महिन्यात एका रविवारी ती राइडवरून परतली आणि आम्ही दोघं खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांमधल्या एका टेबलाशी, चहा घेत बसलो. मी सांगून टाकलं.

तिने चहा ढवळला. मग म्हणाली, "किती अंतर होतं? बोट आणि बारमध्ये."

मी दोन बोटांनी दाखवलं.

"नक्की?"

"नक्की."

"म्हणजे त्या वर्षी मी जाऊ शकले असते."

"हो."

"मग का?"

"तो समोर उभा होता," मी म्हटलं. "नुकताच अडकला होता."

तिने कप खाली ठेवला. "तुमच्या मागे आरसा होता, बाबा. टॉवेल खांद्यावर टाकून तो टाळ्या वाजवायला हात वर घेत होता. मला दिसत होतं. तुमचं उत्तर ऐकून त्याने ते खाली केले." मग कप पुन्हा उचलत म्हणाली, "त्याला तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही."

त्याच संध्याकाळी जेवताना सांगितलं. मुलगा घास हातात धरून ऐकत होता.

"मी तुम्हाला इतका लेचापेचा वाटलो?" तो म्हणाला. रागाने नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"तू नाही रे," बायको म्हणाली. "मुलापेक्षा सून वरचढ झालेली ह्यांनाच बघवली नाही. तुझ्या नावावर खपवलं."

ती बरोबर बोलली.

"तेव्हा मी एक विचारलंच नाही," सून म्हणाली. "बोट लागलं म्हटल्यावर बाकीचं विचारून उपयोग नव्हता. पॉज पूर्ण होता?"

"पूर्ण होता. बार थांबला होता."

"कंबर?"

"बाकावर होती."

"मग धरते तो." तिने आमटीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "वर्ष तेवढं गेलं, बाबा."

"गेलं," मी म्हणालो.