ओव्यातली वाळू
ओवा चुरगळला, की तो वास मला आजही मिरजगावच्या सासरच्या स्वयंपाकघरात नेतो. परसबागेत पेरण्यासाठी मी विषारी बुरशीनाशक चोळलेले ओव्याचे बी आणले होते. ते फार बारीक असते, म्हणून सारखे पडावे यासाठी चौपट कोरड्या वाळूत मिसळून वाटी ओट्यावर ठेवली आणि वाफा भिजवायला गेले. परतले, तेव्हा सासूबाई पोट धरून बसल्या होत्या आणि वाटीत तीन बोटांचा खळगा पडला होता. पोटदुखीवर चिमूटभर ओवा, हे त्या घरचे पहिले औषध. शाळेतल्या मुलांना वर्गातल्या प्रत्येक बरणीला चिठ्ठी लावायला शिकवणाऱ्या मी त्या वाटीवर एक शब्दही लिहिला नव्हता. “आत्याबाई, गिळलं का?” त्यांनी पदराने ओठ पुसले. “गिळती कशाची? निस्ते खडे! थुकलं समदं मोरीत. शाळा शिकवती, अन् ओवा निवडाया येत न्हाई व्हय गं तुला?” चुळा भरायला लावून मी त्यांना दवाखान्यात नेले; डॉक्टर ‘काळजी नाही’ म्हणाले. आता वाटीवर चिठ्ठी असते. वाळू का मिसळायची, असे मुलांनी विचारले, की ‘बी सारखे पडते’ एवढेच मी सांगते. त्या वाळूनेच सासूबाईंना ते बी थुंकायला लावले, हे दुसरे कारण मी अजून कुणाला सांगितलेले नाही.