भिंतीपलीकडचा वास

शिफ्ट सुटायला अजून अवकाश होता आणि रफिक दारात उभा होता. अवेळी घरी परतलेल्या नवऱ्याचा आमच्या वसाहतीत एकच अर्थ होतो. गेली काही वर्षं इथली प्रत्येक बाई त्या एका भीतीनं दाराकडे बघत आली आहे. मी शिलाई मशीनवरचा पाय काढला आणि विचारलं, "कामावरनं कमी केलं का?" त्यानं नकाराची मान हलवली. मग म्हणाला, "कमलवहिनी गेल्या. भिगवणच्या स्टँडवर चक्कर आली, दवाखान्यात न्हेईपर्यंत..." मला ते खरंच वाटेना. कमलवहिनींबद्दल इतक्या खोट्या गोष्टी कानावर आल्या होत्या, की त्यांच्या जाण्याची बातमीही कुणीतरी उठवलेलीच असणार असं मला वाटलं. मी भिंतीला कान लावला. पलीकडे त्यांची मुलगी विद्या रडत होती.

ती भिंत माझी आणि वहिनींची, दोघींची होती. बारामतीच्या एमआयडीसीच्या कडेला कामगारांच्या खोल्यांची जी ओळ आहे, तिच्यातल्या शेवटच्या दोन खोल्या आमच्या. माझा नवरा रफिक आणि वहिनींचे यजमान मारुतीराव एकाच सूतगिरणीत, एकाच खात्यात. दोघं बरोबरच लागलेले, त्यामुळे पगारही सारखाच. मारुतीरावांच्या घराण्यात पूर्वी मेंढरं होती. त्यांच्या आई, सोनाई, तरुणपणी कळपामागं मैलोन् मैल चाललेल्या. मेंढरं विकली तेव्हा त्यांनी गळ्यात माळ घातली, आणि त्या दिवसापासून त्या घरात मटण-मासळी बंद झाली. वहिनींचं माहेर भिगवणकडचं. त्यांच्या वडलांची जमीन उजनीच्या पाण्यात गेलेली. "आमचं शेत बघायचं तर होडीतनं जावं लागतं," असं त्या हसत सांगायच्या. मला हसू यायचं नाही.

गिरणीचा पगारवाढीचा करार संपला त्या सुमाराला दिवस फिरले. सुताला उठाव नाही, असं मालकांचं म्हणणं. नवा करार होईना आणि पगार जागचा हलेना. इकडे तेल, डाळ, रॉकेल, एसटीचं तिकीट, शाळेची फी, सगळं वर वर चाललेलं. आधी आमची आमटी पातळ झाली. मग चहातलं दूध कमी झालं, मग सिलिंडर परत करून आम्ही पुन्हा स्टोव्ह पेटवला. हे सगळं करताना दुसऱ्याच्या घरावर नजर ठेवायची सवय लागली, ती मात्र कुणी शिकवावी लागली नाही. दूधवाल्याच्या मापावर संशय, रेशनवाल्याच्या काट्यावर संशय, आणि मग हळूहळू एकमेकींवर. कुणाच्या केरात कांद्याची सालं जास्त दिसली तरी बायका थांबून बघायच्या. लोकांनी आपल्या पोरांना दारात बसून जेवू देणं बंद केलं, कारण ताटात काय आहे ते दिसतं.

अशा दिवसांत वहिनींच्या घरात काहीच कमी झालं नाही. श्रीमंती म्हणावी असं तिथं काही नव्हतं, पण जे होतं ते टिकून होतं. विद्या अकरावी सायन्सला होती, तिची शिकवणी चालू राहिली. सोनाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेही खाजगी दवाखान्यात. आणि वहिनी आठवड्यातून तीन-चारदा पहिल्या एसटीनं माहेरी जायच्या. आईला अर्धांगवायू झालाय, बघायला कुणी नाही, असं सांगायच्या. दुपार कलल्यावर परत यायच्या. एवढं तिकीट परवडतं कसं, हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता, माझ्याही. आम्ही दोघी बसून बोलायचो, डाळ निवडायचो, पण तो प्रश्न मधे पाटासारखा पडलेला असायचा. त्या तो ओलांडून बोलायच्या आणि मीही.

त्यातच वासाची भानगड सुरू झाली. सोनाईंना मधूनच मासळीचा वास यायचा आणि त्या ओसरीवर येऊन, आमच्या दाराकडे तोंड करून, पदर नाकाला लावायच्या. "ह्यांस्नी रोजच बरं परवडतंय," असं एकदा कुणाला तरी सांगताना मी ऐकलं. आमच्या घरात कित्येक महिन्यांत मासळी शिजली नव्हती. मीही तो वास घेत होते आणि तो आमच्याकडून जात नव्हता, त्यांच्याकडून येत होता. मला वाटलं, म्हातारीच्या चोरून ही मंडळी खातात. आम्ही पाण्यात डाळ शोधतोय आणि पलीकडे माळकऱ्याच्या घरात मासे. मी बोलले नाही, पण मनात खूप दिवस कढत होतं.

गिरणीत तेव्हा वेगळंच शिजत होतं. मालकांशी बोलणी करायला कामगारांनी पाच-सहा जणांची कमिटी नेमली होती, तिच्यात मारुतीराव होते. कमिटीत आदल्या दिवशी जे ठरायचं, ते दुसऱ्या दिवशी मालकांना आधीच माहीत असायचं. किती वाढ मागणार, कुठं माघार घेणार, सगळं. आतलं कुणीतरी फुटलंय हे उघड होतं. मग कोण, तर ज्याच्या घरात काही कमी झालं नाही तो. इतका सरळ हिशोब होता तो, की कुणाला चुकीचाही वाटला नाही. रफिक मला म्हणाला, "त्यांच्या घरी जास्त जाऊ नगंस." एक दिवस गिरणीतल्या दोघा-तिघांच्या बायका माझ्याकडे येऊन बसल्या. ब्लाउज शिवायचं निमित्त. बोलता बोलता एकीनं भिंतीवर बोट टेकवलं आणि विचारलं, पलीकडचं काय ऐकू येतं का. मी सांगितलं, स्टोव्हचा आवाज येतो, आमच्यासारखाच. त्यांना ते पटलं नाही. मलाही नीटसं पटलं नव्हतं.

मग गेट मीटिंग झाली. सगळ्यांदेखत कुणीतरी मारुतीरावांना विचारलं, घर कशावर चालतं ते सांगा. ते म्हणाले, बायको काटकसरी आहे. लोक हसले. रफिक तिथं होता. मारुतीरावांना कमिटीतून काढलं. त्यानंतर चहाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ कुणी बसेना. ते डबा घेऊन कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून जेवायचे. घरी आले की पलीकडून भांड्याचा आवाजही यायचा नाही.

चार-आठ दिवस असे गेले. मग एका संध्याकाळी वहिनी माझ्याकडे आल्या, उंबऱ्यातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उद्या दुपारच्या पाळीला गेटवर येशील का? माझ्यासंगं कुणी तरी बाई असावी." कशाला, असं विचारायचं मला सुचलं नाही. चेहराच तसा होता त्यांचा.

दुसऱ्या दिवशी मी गेटवर जाऊन थांबले. पाळी बदलायची वेळ, आतले बाहेर येत होते आणि बाहेरचे आत जायला उभे. इतक्यात भिगवणच्या बाजूनं एक टेंपो आला. वहिनी ड्रायव्हरच्या शेजारून उतरल्या, पदर खोचलेला, आणि मागून त्यांनी एक पाटी उतरवून घेतली. ओलं पोतं बाजूला सारलं. बर्फात मासे होते, कटला आणि चिलापी. तो वास आला आणि मला एका क्षणात सगळं उमगलं. मारुतीराव गेटच्या आतल्या बाजूला होते. ते जागचे हलले नाहीत.

वहिनींनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "पैका कुठनं येतो म्हणून इचारलं व्हतं. हितनं येतो. भिगवणला सकाळी माल घेते, इंदापूरपातूर ढाब्यांवर घालते. माहेरी हात धुते, लुगडं बदलते आन् घरी येते. घरात माळ हाय, म्हणून सांगितलं न्हाय." मग त्या म्हणाल्या, "घ्यायचं आसंल तर भाव सांगते. न्हायतर वाट सोडा, माल नासतो."

सगळ्यात आधी खात्यातले जुने जॉबर, म्हणजे मुकादम, तात्या पुढं आले आणि त्यांनी एक कटला उचलला. मग आणखी दोघं-तिघं. रफिकनं चिलापी घेतली. वहिनींनी त्यालाही भाव तोच सांगितला, शेजारी म्हणून कमी केला नाही. ज्यानं मीटिंगमध्ये प्रश्न विचारला होता तो बाजूला उभा राहून विडी ओढत होता. जाताना तो मोठ्यानं म्हणाला, मासे काय, कुणीही दाखवील. संशय असा एका दुपारीत मरत नाही, हे मला तेव्हा कळलं. पुढं कराराची बोलणी लांबली, शेवटी थोडीशी वाढ मिळाली आणि तिच्या बदल्यात माणशी जास्त मशिनं आली. आतलं फुटलेलं माणूस कोण होतं ते आजही कुणाला माहीत नाही. मारुतीरावांच्या शेजारी लोक पुन्हा बसू लागले, पण त्यांना कमिटीत परत या असं कुणी म्हटलं नाही.

सोनाईंना संध्याकाळच्या आत कळलंच होतं. मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल. पण त्यांनी डोक्यावरून अंघोळ केली, मागच्या अंगणात तीन दगड मांडले आणि आपली भाकरी आपण थापली. त्या दिवसापासून त्यांनी सुनेच्या हातचं खाल्लं नाही. पीठ सुनेनं आणलेलं, डाळ सुनेनं आणलेली, हे त्यांना माहीत होतं. मी एकदा धीर करून ते बोलले, तर म्हणाल्या, "पैका हातोहात फिरतो, त्याला कोण काय करणार. शिजवणारा हात मातूर एकच आसतो." मग माझ्याकडे न बघता, "वास तुझ्या घरचा नव्हता," एवढं म्हणाल्या. माफी अशी त्यांनी आयुष्यात कुणाची मागितली नसावी. मी तेवढ्यावर समाधान मानलं.

वहिनींनी मग लपवणं सोडलं. बारामतीतही विकू लागल्या. ओळीतल्या दोघीजणी त्यांच्याबरोबर भिगवणला जायला लागल्या, त्याच, ज्या माझ्याकडे भिंतीपलीकडचं विचारायला आल्या होत्या. त्यांना वहिनींनी भाव करायला शिकवलं, शिळा मासा कल्ल्यावरून ओळखायला शिकवलं. मला हे अजब वाटायचं. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्यांच्या घरी बी पगार तेवढाच हाय की." एका गोष्टीचा छडा मात्र मला लागला नाही. मारुतीरावांना आधीपासून ठाऊक होतं का? एकाच खोलीत राहणाऱ्या माणसाला इतके महिने काहीच कळू नये, हे मला पटत नव्हतं. ठाऊक असूनही ते मीटिंगमध्ये गप्प राहिले असतील तर ते आईसाठी, की लाजेसाठी... एकदा दळण आणताना मी वहिनींना सरळ विचारलं. त्यांनी डबा एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतला. मग म्हणाल्या, "त्यांनी कधी इचारलं न्हाय, शमीम. न इचारणाऱ्याला काय म्हाईत न्हाय, आसं थोडंच आसतं." त्याहून जास्त त्या कधी बोलल्या नाहीत.

त्या गेल्यावर दहाव्याला भिगवणहून तीन-चार मासेविक्या बाया आल्या. दारातून आत आल्या नाहीत, नळापाशी उभ्या राहिल्या. माळकऱ्याचं घर म्हणून वहिनींनीच त्यांना कधीतरी सांगितलेलं असणार. मारुतीरावांनी आईकडे पाहिलं. सोनाई उठल्या आणि आत गेल्या. आम्हाला वाटलं, झालं, आता या मागच्या दारानं जाऊन अंघोळ करणार. पण त्या तांब्या घेऊन बाहेर आल्या, त्यांनी त्या बायांच्या हातावर पाणी घातलं आणि त्यांना ओसरीवर बसवलं. मग सोनाईंनी त्यातल्या वयस्क बाईला विचारलं, "ती तितं काय खायाची?"

"घरनं भाकरी आणायची. लांब बसून खायाची."

"आन् मासळी?"

"कधी तोंडात घातली न्हाय, आई. आमी लई आग्रह केला."

सोनाई तिच्याकडे बघत राहिल्या. "खरं सांगतीस?"

"मेलेल्या माणसाचं खोटं कशाला बोलू," ती बाई म्हणाली.

सोनाईंनी मान खाली घातली. त्या बाया चहा पिऊन गेल्या तरी त्या तशाच बसून होत्या.

आता याला महिना होऊन गेला. परवा विरजण मागायला म्हणून मी पलीकडे गेले. मागच्या अंगणातल्या तीन दगडांत राख थंड होऊन तिच्यावर चाफ्याची पानं पडली होती. सोनाई आत होत्या, वहिनींच्या स्टोव्हपुढं, वहिनींच्याच पाटावर. विद्या कॉलेजातून यायची होती, मारुतीराव पाळीवर. म्हातारीला स्टोव्हला पंप मारणं जमत नव्हतं. मी मारते म्हटलं, तर नको म्हणाल्या. बराच वेळ तशाच त्या दांडा दाबत राहिल्या, मग जाळ निळा झाला. त्यांनी परातीत पीठ घेतलं आणि सगळ्यांपुरतं मळायला बसल्या.