चर्चमधली बासमती खिचडी

मला लिहायला लावू नका, असं मी मराठी मंडळाच्या जोशीबाईंना दारातूनच सांगितलं होतं. माझी शाळा चौथीपर्यंत. पण बाईंना स्मरणिकेची पानं भरायची आहेत. विषय दिला, ‘आपत्तीच्या वेळी आपल्या भागातलं चर्च कशी मदत करू शकतं’. कशी म्हणजे काय? दार उघडायचं आणि चुलीवर खिचडीचा मोठा गंज चढवायचा. झाला लेख!

बाई म्हणाल्या, “काका, एवढ्यात पान भरत नाही.”

मग किस्से घ्या. पुराचे किस्से गाळासारखे असतात. पाणी उतरून जातं, हे बसून राहतात, आणि दर पावसाळ्यात वर नवा थर चढतो. परवा बिट्टन मार्केटात गिलकी घेत होतो, तर शेजारच्या माणसाने मलाच माझा किस्सा ऐकवला. त्यात मी चोर होतो! म्हणून लिहितोय. जोशीबाईंसाठी नाही.

मी वानखडे. इकडे हिंदी मुलखात, पिपलानीत, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जन्मभर स्वयंपाक केला. चर्चची भिंत आणि माझ्या घराची भिंत एकच. मी ख्रिस्ती नाही. पण पन्नास माणसांची डाळ शिजेल एवढे गंज माझ्याकडे आहेत, त्यामुळे चर्चला मी लागतो.

*

त्या वर्षी नाला फुगला आणि खालची वस्ती पाण्यात गेली. माणसं गाठोडी घेऊन चर्चच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. प्रार्थनेच्या हॉलची किल्ली डॅनियल साहेबांकडे. डॅनियल साहेब म्हणजे चर्च कमिटीचे सेक्रेटरी, कारखान्यातले रिटायर्ड फोरमन. शनिवारी त्याच हॉलमध्ये त्यांच्या मुलीचं, रीनाचं लग्न. हॉलला नवा रंग दिलेला. साहेब म्हणाले, “पहले मीटिंग होगी.”

मी चहा घेऊन कमिटीच्या खोलीत गेलो होतो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय. यांची कुठलीही मीटिंग प्रार्थनेने सुरू होते. किल्ली टेबलावर ठेवून साहेबांनी डोळे मिटले. “प्रभू, जो लोग इस बारिश में बेघर खड़े हैं, उनके लिए कहीं कोई दरवाज़ा खोल दे...”

प्रार्थना लांबली. बाहेर पाऊस. पास्टर तरुण पोरगा. त्याने एक डोळा उघडला, किल्ली उचलली आणि बाहेर गेला.

‘आमेन’ म्हणून साहेबांनी डोळे उघडले, तर समोर वस्तीतली म्हातारी कस्तुरीबाई, बगलेत बकरी घेऊन उभी!

पास्टर मागून म्हणाला, “अंकल, इतनी जल्दी जवाब तो पहली बार आया है.”

*

सगळे चिंब भिजलेले. कोरडे कपडे हवेत म्हणून पास्टरने मंडळींना फोन केले. लोकांनी जे दिलं ते असं: टाय एक पिशवीभर, थ्री पीस सूट दोन, आणि एक पॅराशूटच्या कापडाचं जॅकेट, ज्याची चेन उघडत नव्हती. चोवीस तास पाऊस आणि लोक टाय देतात!

शेवटी पास्टरने कॉयरचं कपाट उघडलं. गाणाऱ्यांचे पांढरे झगे निघाले. बाया, माणसं, सगळ्यांना एकेक दिला.

दुसऱ्या दिवशी सर्व्हेवाला बाबू आला. दारातून आत बघितलं. हॉलभर पांढरे झगे, हातात चहा. त्याने हात जोडले. “आप लोग पूजा कर लीजिए. बाढ़वाले किधर हैं?”

मी म्हणालो, “यही हैं.”

“मज़ाक मत कीजिए दादा,” म्हणाला आणि गेला. त्याने वर कळवलं, तिथे पूरग्रस्त नाहीत, पादऱ्यांचं संमेलन चालू आहे. सरकारी ताडपत्री आली ती पाणी उतरल्यावर.

*

झोपायची सोय मी सांगितली. दोन बाकं तोंडाला तोंड लावून जोडली की पलंग होतो, पोर खाली पडत नाही. सगळी बाकं जोडली. तरी कस्तुरीबाई उभीच.

“अब क्या हुआ?”

“पैर किधर करूँ? सामने भगवान. इधर भी भगवान, भेड़ लेके खड़े हैं.” मागे दारावर बायबलचं वाक्य लिहिलेलं होतं, ते तिला वाचता येत नव्हतं, पण देवाचंच असणार एवढं कळत होतं.

पास्टरने समजावलं की आमचा देव पायांचं मनावर घेत नाही. बाई म्हणाली, “वो नहीं लेते होंगे. मैं लेती हूँ.”

राहिली उजवी भिंत. तिथे एकच फ्रेम होती. कमिटीचा फोटो, मधोमध डॅनियल साहेब.

बाईने फोटो नीट निरखला. “ये तो भगवान नहीं है ना?”

पास्टर म्हणाला, “नहीं माताजी. पक्का नहीं.”

पाणी उतरेपर्यंत अख्खी वस्ती तिकडे पाय करून झोपली. साहेबांनी सकाळी पाहिलं. रुमालाने फोटोची काच पुसली, झालं.

*

आता खिचडीचं सांगतो. बाजारात बोंब माझ्या नावाने आहे ती ह्यापायी.

मदत म्हणून सगळ्यांनी बिस्किटं पाठवली. सकाळी बिस्किट, दुपारी बिस्किट. पोरं बिस्किट दिसलं की रडायची. बकरीनेसुद्धा तोंड फिरवलं. माझ्या घरातले तांदूळ पहिल्या दोन जेवणांत संपले, आमची बायको म्हणाली, आता मला शिजवा.

शुक्रवारी उजाडता उजाडता रीना स्कूटीवर पोतं घेऊन मागच्या दाराशी आली. लग्नाच्या पुलावाची बासमती! म्हणाली, “अंकल, इनको खिला दो. मेहमान तो इटारसी में अटके हैं, गाड़ियाँ बंद हैं. बस पापा को मत बोलना, कल मेरी बिदाई है.”

मी शब्द दिला. शब्द दिला की दिला.

बासमतीची खिचडी मी जन्मात केली नव्हती. झाकण काढलं तर वास पार रस्त्यापर्यंत. कस्तुरीबाईने एक घास घेतला. “चावल बहुत पतला है भैया. पेट में पता ही नहीं चलता.”

वासामागोमाग डॅनियल साहेब आले. गंजात बघितलं. पोतं बघितलं. सगळ्यांसमोर, माझ्या हातात झारा असताना म्हणाले, “वानखड़े! चोरी? कैंटीन में भी यही करते होगे!”

जन्मभर त्या कॅन्टीनमध्ये उभा राहिलो. निघताना फाटकावर डबा उघडून दाखवायचा असतो, माझा डबा कधी कोणी उघडायला लावला नाही. मी झारा खाली ठेवला. काय बोलणार? पोरीचं लग्न उद्यावर.

साहेब म्हणाले, “कल सुबह हॉल खाली चाहिए. पूरा.”

घरी बायकोने विचारलं, “तुम्ही घेतले का?”

“नाही.”

“मग बोलत का नाही?”

“जेवायला वाढ.”

“काय वाढू? बिस्किट आहे.”

*

शनिवार. हॉल काही खाली झाला नाही. वस्तीत गुडघाभर चिखल, जाणार कुठे? पास्टर म्हणाला, “शादी भी यहीं होगी, लोग भी यहीं रहेंगे.” साहेबांनी कमिटीची मीटिंग बोलावली. पास्टर म्हणाला, “ज़रूर. आप प्रार्थना शुरू कीजिए.” साहेबांनी मीटिंग रद्द केली.

पाहुणे इटारसीलाच होते. नवरदेव इथल्याच कोट्र्याहून बाईकवर आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. बाकं परत सरळ लावली आणि वस्ती बसली, झग्यांत. कॉयरवाल्या बायकांना झगेच उरले नव्हते, त्या घरच्या साड्यांत गायल्या. फोटोवाला वैतागला. “इतने सारे पादरी क्यों बुलाए?”

डॅनियल साहेब रीनाचा हात धरून एकेक पाऊल टाकत आले. महिनाभर प्रॅक्टिस केली होती, चाल चांगली जमली. मी मागच्या दाराशी उभा होतो. आत नाही गेलो. ज्या हॉलमध्ये माणूस चोर ठरला, तिथे तो बसतो कसा?

पास्टरने पुस्तक उघडलं आणि विचारलं, “इस विवाह पर किसी को कोई आपत्ति हो तो अभी बोले. नहीं तो फिर हमेशा चुप रहे.”

आपत्ति म्हणजे इथे हरकत; हे ते लोक दर लग्नात विचारतात. कोणी बोलत नसतं. दोन क्षण थांबायचं आणि पुढे जायचं.

कस्तुरीबाई उठली. पांढरा झगा, बगलेत बकरी.

“मेरे को बोलना है.”

नवरदेव पांढराफटक. त्याची आई बाकाला धरून बसली. डॅनियल साहेबांनी आधी म्हातारीकडे पाहिलं, मग नवरदेवाकडे असं पाहिलं, की तो म्हणाला, “मैं इनको जानता भी नहीं!”

बाई म्हणाली, “चावल खाना पकानेवाले भैया ने नहीं चुराए. दुल्हन खुद दे गई थी. मैं पीछे के दरवाज़े पे बकरी बाँध रही थी, मैंने देखा.”

पास्टर हळूच म्हणाला, “माताजी, ये सवाल सिर्फ़ शादी के लिए है.”

“तुमने ही बोला, अभी नहीं तो फिर हमेशा चुप. मैं इतनी बड़ी बात लेके हमेशा चुप रहूँ?”

रीनाने चेहऱ्यावरची जाळी वर केली. “पापा, मैंने दिए थे.”

सगळा हॉल मागे वळला. मागे मी. साहेबही वळले. आमची नजरानजर झाली. साहेबांनी टाय सरळ केला, घसा साफ केला. मी म्हटलं, आता माफीचा शब्द येतो.

साहेब म्हणाले, “पास्टर, आगे बढ़िए.”

कस्तुरीबाई खाली बसली नाही. पास्टरकडे बघून म्हणाली, “अभी इनकी बारी है. पहले इनको बोलने दो.”

पास्टरने पुस्तक मिटलं आणि थांबला. रीना थांबली. नवरदेव थांबला. बकरी ओरडली. मीही त्या दाराशी थांबलो होतो, लग्न लागलं, आणि तुम्ही विचाराल तर त्या माफीसाठी अजून थांबलोय. साहेब चर्चच्या पलीकडेच राहतात, पूर्ण नाव छापा: सॅम्युअल डॅनियल.