आधी घड्याळ, मग काम

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे घड्याळमामा म्हणत. कुणाच्याही मशीनपुढे बसले की काम राहिलं बाजूला, मामा आधी नेटवरच्या टाइम सर्व्हरशी त्याचं घड्याळ जुळवून घेत. "तिथली वेळ खोटी नसते," असं वर ऐकवत. बायको वैतागायची, "तुमच्याबरोबर जेवायचं म्हणजे गाडी पकडायची!" मामांना त्यातही कौतुकच वाटे. आता खोड म्हणावी तर खोड, पण कुणाचं काही बिघडत नव्हतं.

एके दिवशी त्यांना एका गोदामातून बोलावणं आलं. भर दुपारी माल चोरीला गेला होता. कॅमेऱ्याच्या जुनाट कॉम्प्युटरवर दारातली वॉचमनची खुर्ची सव्वादोनला रिकामी दिसत होती आणि त्याची जेवणाची सुट्टी तर दोनला संपायची. मॅनेजरनं तेवढंच चित्रण राखलं होतं, बाकीचं मशीननं पुसून टाकलं होतं. मामांनी ते पेनड्राइव्हवर उतरवून दिलं की वॉचमनची नोकरी जाणार, वर पोलीस येणार, हे ठरलेलंच होतं.

मामा बसले आणि सवयीनं आधी घड्याळ जुळवलं. कोपऱ्यातले आकडे झटकन मागे सरकले.

तेवढ्यात दारातून वॉचमन म्हणाला, "मामा, ह्या मशीनचं घड्याळ पुढे आहे हो. कधीचा सांगतोय, कुणी ऐकतच नाही. मी सुट्टीतच जेवायला गेलो होतो."

मामा कोपऱ्यातल्या आकड्यांवर वाकले. घड्याळ पुढे होतं, एवढं खरं. पण पाच मिनिटं की अर्धा तास? त्यांनी पाहिलंच नव्हतं. ह्या माणसाचा एकुलता एक पुरावा त्यांनी आपल्या हातानं पुसला होता. आयुष्यभर मिरवलेल्या सवयीची त्यांना शिसारी आली.

"किती पुढे होतं?" मॅनेजरनं विचारलं. "नीट सांगा. तुमचा शब्द शेवटचा."

वॉचमन त्यांच्या तोंडाकडे डोळे लावून उभा होता.

"अर्धा तास," मामा म्हणाले. "माझ्या डोळ्यांनी बघितलं."

मॅनेजरनं हातातला फोन खिशात ठेवला. वॉचमनला रडूच फुटलं. मामा निघाले तसा तो मागोमाग बाहेर आला आणि त्यांचा हात घट्ट धरून म्हणाला, "तुम्ही खरं बोललात, मामा. नाहीतर मेलो होतो."

मामांनी हळूच हात सोडवून घेतला. तू खरंच सुट्टीत गेला होतास का रे, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी विचारलं नाही.