चढावर धापा टाकणारी गाडी

पेट्रोलचा उग्र वास आला की अमेरिकेतल्या एडिसन गावातली ती जुनी ऑटोमॅटिक फोर-व्हील-ड्राइव्ह आठवते. आठवीत शाळा सोडलेल्या मला टिफिनवाल्या काकांनी तिच्यातून डबे पोचवायचं काम दिलं होतं. दसऱ्यानंतर ती अडखळायला लागली, चढावर तर जोरच लावेना. प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, तरी तेच, नुसता वैताग. काका म्हणाले, “गिअरबॉक्स गेला, भंगारात देऊ.” गाडी गेली की माझं काम गेलं. शेवटी, नवाच आहे म्हणून सोडलेला एअर फिल्टर उघडला, तर आत झेंडूच्या पाकळ्या गच्च. “बॉनेट उघडून कुणी पूजा केली?” काका ओरडले. “मग काय, इंजिन सोडून डिकीला फुलं वाहू?” काकू. पाकळ्या काढल्या, गाडी सरसर चढ चढली. काका तणतणत म्हणाले, “उद्या डबे वेळेवर गेले पाहिजेत!” इतक्या रागातलं इतकं गोड वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही.